खिंडीतला नमस्कार

गाडीने मला भर खिंडीत थांबवलं आणि वर माझे आभारही मानले.

"चालकाची शुद्ध हरपल्याचा संशय आहे. वाहन सुरक्षितपणे थांबवण्यात आले आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद." गाडीतली ती गोड आवाजाची बाई हे पुन्हा पुन्हा ऐकवत राहिली. माझी शुद्ध अजिबात हरपली नव्हती आणि मी ते तिला ओरडून सांगितलं, पण तिला नुसतं तोंड होतं, कान नव्हते. इंजिन बंद पडलं, दिवे लुकलुकायला लागले आणि मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर खोळंबला. ट्रॅक्टरवाला उतरून काचेतून डोकावला आणि त्याने मला लगेच ओळखलं. आमच्या आजरा तालुक्यात डॉ. वसुधा रेडेकर म्हणजे फिट येणारी डॉक्टरीण, हे जनावरांनासुद्धा ठाऊक आहे. त्याने काही न विचारता शिदोरीतला कांदा फोडला आणि माझ्या नाकाशी धरला.

मी बरी आहे, असं मी त्याला सांगून पाहिलं.

"हुंगा हुंगा," तो म्हणाला. "लाजायचं काय त्यात?"

मी कांदा हुंगला. काय करणार?

मी जनावरांची डॉक्टर आहे. कॉलेजात असताना मला पहिली फिट आली, मग गोळ्या सुरू झाल्या आणि गोळ्यांनी फिट बंद झाल्या. पुढे इतक्या वर्षांत एकही नाही. पण गाडीच्या परवान्यासाठी तेव्हा एक प्रश्न विचारायचे, आपणास फेफरे येते काय? माझ्याच डॉक्टरांकडे येणाऱ्या दोघांनी बिनधास्त 'नाही' लिहिलं आणि ते आजवर सुखाने गाड्या हाकताहेत. मी 'होय' लिहिलं. माझ्या खरेपणाची पावती म्हणून मला परवाना मिळाला नाही.

त्यामुळे लग्न झाल्यापासून माझा नवरा जयसिंग हाच माझा ड्रायव्हर. त्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. कुठे म्हैस अडली की फोन मला यायचा, मी जयसिंगला हाक मारायची आणि तो अर्धी गुंडाळलेली मोटार टाकून हात पुसत यायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. स्वतःहून चालणाऱ्या गाड्या निघाल्या तेव्हा मला आशा वाटली होती, पण त्या शहरातल्या आखीव रस्त्यांच्या लाडक्या. आमच्याकडच्या रस्त्यावर त्या पांढरा पट्टा शोधत उभ्या राहायच्या. त्यांच्यातली कडेला जाऊन थांबण्यापुरती अक्कल तेवढी साध्या गाड्यांत आली.

आणि मग जागल्या आला. परिवहन खात्याच्या कागदांत त्याचं नाव चेतना-पट्टी असं होतं, पण पूर्वी गावाची राखण करणारा जागल्या असायचा, त्याचं नाव लोकांनी तिला देऊन टाकलं. कानामागे चिकटवायची टिकलीएवढी पट्टी. ती काय करते ते मला नीट समजावून सांगायला आवडतं, कारण पुढचा सगळा मनस्ताप त्यातूनच निघाला.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेने बोलतात. माणूस जागा असला, बघत असला की तिथे बाजार भरल्यासारखा गलका असतो. त्याने डोळे मिटले आणि क्षणभर स्वस्थ झाला की डोक्याच्या मागच्या भागातल्या, नजर सांभाळणाऱ्या पेशींना काम उरत नाही. मग त्या एका संथ तालात डोलू लागतात, सेकंदाला साधारण दहा वेळा. हे तुमचं, माझं, सगळ्यांचं होतं. माझ्या जातीच्या फिटमध्ये मात्र सबंध मेंदू एकदम एकच ताल धरतो, सेकंदाला साधारण तीनचा, आणि तेवढा वेळ माणूस डोळे उघडे ठेवूनही कुठेच नसतो. म्हणजे दहाचा ताल वेगळा आणि तीनचा वेगळा. दवाखान्यात डोक्याला तारा लावल्या की फरक शिकाऊ डॉक्टरलाही कळतो.

पण जागल्या असतो कानामागे. त्याला सगळं कवटीतून, केसांतून, मानेच्या स्नायूंतून गाळून ऐकू येतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं काहीतरी चाललंय एवढं आपल्याला कळतं, शब्द कळत नाहीत, तसं त्याचं आहे. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला सोपं करून शिकवलं की गलका एकदम थांबून ताल सुरू झाला तर संशय घ्यायचा आणि संशय आला की गाडी थांबवायची. ताल कुठला, हे विचारत बसायचं नाही. यात चूक झाली तरी माणूस जिवंत राहतो, असा त्यांचा हिशोब होता आणि तो मला तेव्हा पटलाही होता. कारण याच पट्टीच्या भरवशावर माझ्यासारख्यांना पहिल्यांदा परवाना मिळणार होता.

मिळाला. चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. जयसिंग शेजारी बसून काल्पनिक ब्रेक दाबायचा. पहिल्यांदा एकटी गेले त्या दिवशी मी कुणालाही हाक मारली नाही, कुणी हात पुसत आलं नाही, मी फक्त बॅग उचलली आणि निघाले. हे सुख ज्यांना रोज मिळतं त्यांना कळायचं नाही.

आता खिंडीबद्दल. आमच्या गावाहून बाहेर पडायचं तर खिंड ओलांडावी लागते आणि खिंडीत सिद्धोबाचं ठाणं आहे. शेंदूर फासलेला दगड, वर पत्रा. तिथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, एक हात छातीला लावून कपाळाला नेतो आणि डोळे मिटतो. पापणी लवण्याइतके नव्हे, चांगले मिटतो. उघड्या डोळ्यांनी केलेला नमस्कार सिद्धोबाला पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी मात्र कधी मिटले नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर आपली शुद्ध जाईल म्हणून धसका घेतला, ती चालत्या गाडीत आपणहून डोळे कशाला मिटेल?

फक्त त्या एका दिवशी मिटले. खिंडीपलीकडच्या वस्तीवर रत्नाबाई दळवीची म्हैस अडली होती. रेडकाची मान मागे वळलेली. खांद्यापर्यंत हात आत घालून मी ती मान सरळ करून आणली आणि रेडकू जिवंत निघालं, थरथरत उभंही राहिलं. रत्नाबाईने मला गूळ दिला. परत येताना माझा हात दुखत होता, कपड्यांना वास येत होता आणि मी इतकी खूश होते की खिंडीत आल्यावर माझा हात आपोआप छातीकडे गेला. मी डोळे मिटले. गलका थांबला, ताल सुरू झाला, जागल्याला संशय आला. पुढचं सांगितलंच आहे, कांद्यासकट.

नोंदणीकृत रुग्णाला अशी एकच नोंद पुरते, त्याच संध्याकाळी माझा परवाना स्थगित झाला. वर्षभर स्वच्छ नोंद दाखवा, मग सुनावणी.

"डोळं कशाला मिटलंस?" जयसिंगने विचारलं.

"तू कशाला मिटतोस?"

"मला सवय हाय," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हात पुसत यायला लागला.

काही आठवड्यांनी रत्नाबाईची दुसरी म्हैस अडली. जयसिंग तांब्याची तार आणायला कोल्हापूरला गेला होता. मी रिक्षावाल्याला फोन केला, तो लग्नाच्या भाड्यावर होता. शेवटी एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून पोचले तेव्हा उशीर झाला होता. म्हैस वाचली, रेडकू गेलं. मी हात धूत असताना पाणी ओतता ओतता रत्नाबाईने विचारलं, "तुमची गाडी दारातच हुती न्हवं?"

होती. दारातच होती. मला त्या गाडीला लाथ मारावीशी वाटली आणि घरी गेल्यावर मी मारलीही.

त्यानंतर सरकारला वाटलं की जागल्या एवढा गुणी आहे तर तो सगळ्यांनाच का नको? निरोगी माणसालाही डुलकी लागते. तर पट्टी सर्वांना सक्तीची झाली. आणि आमच्या खिंडीत जे काही सुरू झालं ते बघायला मी मुद्दाम जाऊन कठड्यावर बसायची, हे कबूल करते. दुधाचे टेम्पो, वडापच्या जीपगाड्या, वरातीच्या गाड्या, साखर कारखान्याच्या संचालकांची लांबलचक मोटार, सगळे सिद्धोबासमोर आले की गचकन थांबायचे आणि ती गोड आवाजाची बाई सगळ्यांचे आभार मानायची. कांदा मात्र कुणी कुणाच्या नाकाशी धरला नाही, तो मान माझ्या एकटीचा.

खात्याच्या संगणकाने निष्कर्ष काढला की या खिंडीत माणसांची शुद्ध हरपते. लगेच पथक आलं. प्रमुख सबनीस नावाचे अधिकारी, सज्जन, हळू बोलणारे. त्यांनी आधी हवा तपासली, खडकातून एखादा वायू निघतो की काय म्हणून. मग पाणी तपासलं. मग त्यांना वाटलं की या तालुक्याच्या रक्तातच काहीतरी दोष असावा, म्हणून शाळेत रक्ततपासणीचं शिबिर लावलं. गावोगावची माणसं घाबरून रांगेत उभी राहिली आणि मुलींच्या लग्नाचं कसं होणार म्हणून आयाबायांच्या जिवाला घोर लागला. एवढी शिकलेली माणसं, पण त्यांच्यापैकी एकानेही काचेतून ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. ते सगळे पुण्या-मुंबईचे, त्यांच्या गाडीत देव डॅशबोर्डवर असतो, त्याला नमस्कार करायला गाडी चालू असण्याची गरज नसते.

मीच सबनीसांना हाताला धरून त्या पत्र्याखाली बसवलं, म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं. मग मी त्यांना दहाचा आणि तीनचा ताल सांगितला, दवाखान्यात नेऊन जयसिंगच्या डोक्याला तारा लावल्या आणि त्याला नमस्कार करायला लावला. पडद्यावर दहाचा ताल लख्ख उमटला. सबनीसांनी माझे मनापासून आभार मानले आणि अहवालात माझं नाव घालतो म्हणाले. घातलंही.

तोवर लोकांनी रास्ता रोको केला होता. देवाला नमस्कार करणं हा रोग ठरवता काय, असं विचारत माणसं रस्त्यावर बसली आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. मंत्र्यांनी अहवालाचा आधार घेऊन सवलत जाहीर केली. नोंदवलेल्या देवस्थानांच्या टापूत जागल्या गप्प राहील. कुणाची गाडी थांबणार नाही, कुणाची नोंद होणार नाही. गावात पेढे वाटले. मीही खाल्ला. खालची ओळ मी दुसऱ्या दिवशी वाचली, ही सवलत फक्त सर्वसाधारण चालकांना, नोंदणीकृत रुग्णांना नाही.

मी सबनीसांच्या कार्यालयात गेले. त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, मी शोधून काढलेल्या गोष्टीने सगळा तालुका सुटला आणि मीच अडकले, हे तुम्हाला विचित्र वाटत नाही?

"वाटतं," ते म्हणाले. "पण मॅडम, इतरांचा तो नमस्कारच असतो. तुमचा नमस्कार होता की झटका, हे मी कसं ठरवू?"

"त्या दिवशीची लहर बघा. दहाची असेल."

"पट्टी लहर ठेवत नाही. निकाल ठेवते."

मला इतकी तिडीक आली की मी त्यांचा चहा प्यायले नाही. एवढाच काय तो सूड घेता आला. परतीच्या वाटेवर खिंड आली तेव्हा जयसिंगने हॉर्न वाजवला, हात छातीला लावला आणि शांतपणे डोळे मिटले, आणि मी त्याच्यावर जन्मात चिडले नव्हते एवढी चिडले. तो सबंध आठवडा मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्याला कारण कळलं नसावं, किंवा कळूनही त्याने विषय काढला नाही.

मग ती सकाळ आली. पलीकडच्या वस्तीवर व्यालेली गाय आडवी पडली होती, कॅल्शियम द्यायला जायचं होतं. खिंडीत जयसिंगने हॉर्न वाजवला. पलीकडूनही हॉर्न ऐकू आला. वळणावरून दुधाचा टेम्पो खाली येत होता आणि तो येता येता आमच्या बाजूला सरकला होता. त्याच्या ड्रायव्हरचा हात कपाळावर होता. जयसिंगचा हात छातीवर होता. दोघांचेही डोळे मिटलेले, दोघांचेही जागले सरकारी हुकमाने गप्प. त्या खिंडीत उघडे डोळे फक्त माझे होते.

मी स्टिअरिंग धरून जिवाच्या आकांताने डावीकडे ओढलं. टेम्पोने आमचा आरसा नेला. आमची चाकं गटारात गेली आणि गाडी सिद्धोबाच्या पत्र्याला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. टेम्पोवाला पुढे जाऊन थांबला आणि तिथूनच मान वळवून बघत राहिला.

जयसिंगने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "चालक जयसिंग रेडेकर, आपला प्रवास निर्दोष होता. धन्यवाद," बाई म्हणाली.

तो समोरच्या शेंदराकडे बघत होता.

"वसू, मी झोपलो न्हवतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. मीही नव्हते."

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. माझा परवाना गेल्यापासून मी त्याला जे सांगत होते ते त्याला त्या क्षणी कळलं, असं मला वाटतं. मला त्याचा राग येत होता आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटत होतं. मी यातलं काहीच केलं नाही, गाईला उशीर होत होता.

गाय उठली. परत येताना जयसिंगने गाडी घराकडे न वळवता सरळ सबनीसांच्या कार्यालयाकडे घेतली. सबनीसांनी सगळं नीट ऐकलं, आरसा नसलेली गाडी खिडकीतून बघितली आणि हळूच म्हणाले की त्या टापूत पट्टी गप्प असते, त्यामुळे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे खात्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. जयसिंग म्हणाला, मी स्वतः सांगतोय न्हवं? सबनीसांनी त्याला सावध केलं. गाडी चालवताना भान गेलं असं तुम्ही स्वतःहून लिहून दिलंत तर मला तुम्हालाही रुग्ण म्हणून नोंदवावं लागेल, परवाना लगेच स्थगित होईल. मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

"म्हंजे माझी आणि हिची नोंद सारखीच दिसंल?" जयसिंगने विचारलं.

"तंतोतंत."

मी दुसऱ्यांदा पाय मारला, जोरात.

"मग करा नोंद," तो म्हणाला. "मला कवा फिट आली न्हाई. पण एका घरातल्या दोघांना, एकाच दगडाम्होरं, एकाच जातीचा झटका आलाय असं लिवा. आणि वर पाठवून इचारा, ह्यो रोग हाय का नमस्कार. दोघांना एकच काय ते उत्तर द्या म्हणावं."

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. मग पाठवतो म्हणाले. उत्तर कधी येईल हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि तसं ते सरळ म्हणालेही. जयसिंगने सही केली.

बाहेर आल्यावर मी त्याला अंगणातच धारेवर धरलं. त्याचा मोठेपणा ठीक आहे, पण आता मला म्हशीकडे कोण नेणार? सिद्धोबा? घरात दोन माणसं, दोघांचे परवाने स्थगित आणि गाडी सरकारी अंगणात उभी. तो डोकं खाजवत राहिला. "त्ये माझ्या ध्यानातच न्हाई आलं," तो म्हणाला, आणि मी हसले की रडले ते मला आता आठवत नाही. इतकी वर्षं मला भांडायला हवं होतं, ते भांडण आम्ही त्या अंगणात पोटभर केलं.

मग घराकडची बस पकडली. उभ्यानेच जावं लागलं, ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून. वाटेत रत्नाबाईचा फोन आला. रेडकू गेलेली म्हैस सकाळपासून वैरणीला तोंड लावत नव्हती, नुसती भिंतीला टेकून उभी होती. कशानं येतासा, तिने विचारलं. मी म्हटलं, घरून औषधं घेते आणि परतीच्या बसनं येते. ती म्हणाली, "या तर खरं," आणि फोन ठेवला.

खिंड आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, एक हात सोडून छातीला लावला. सगळ्या बसमध्ये बांगड्या वाजल्या, हात वर गेले, माना खाली झुकल्या. जयसिंगचाही हात सवयीने छातीकडे गेला आणि तिथेच राहिला, पण डोळे त्याने मिटले नाहीत. दुसऱ्या हाताने त्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. बस माणसांनी गच्च भरली होती आणि समोरच्या वळणाकडे बघत होतो ते फक्त आम्ही दोघे रुग्ण.